हातिमताई आणि काळा धागा

ते १९९७ साल असावे. मी तेव्हा उर्दू शाळेत तिसरीत होते. बासी ईदच्या रात्री आमच्या मोहल्ल्यातील पोरांनी वर्गणी काढून तालुक्याच्या गावाहून रंगीत टी.व्ही. आणि व्हिडिओ भाड्याने आणला. राहुरी तालुक्यातील लहानसे गाव आमचे. अंगणात गोणपाटे अंथरली, बायका ओट्यावर, पुरुष मागे उभे. तीन कॅसेट आणल्या होत्या. पहिल्या दोन मारामारीच्या, त्या मला आठवतही नाहीत. तिसरी लागली तेव्हा निम्मी मुले झोपली होती. तो 'हातिमताई' होता. जितेंद्र हातिम, संगीता बिजलानी परी, अमरीश पुरी जादूगर.

मी डोळे फाडून बघत होते आणि दादी माझ्या कानाशी लागून सारखी तक्रार करत होती. "हातिम ऐसा नाचता नई था, बेटा." मला तिचा राग येत होता. दादीला अक्षरओळख नव्हती. पण तिच्या वालिदांकडे हातिमताईच्या किश्श्याची एक उर्दू पोथी होती, आणि पावसाळ्याच्या रात्री कंदिलाच्या उजेडात ते मोठ्याने वाचत, बाकीचे ऐकत. दादीच्या डोक्यात तो हातिम पक्का बसलेला. तिच्या दृष्टीने पडद्यावरचा माणूस तोतया होता.

मागच्या वर्षी हा चित्रपट मी पुन्हा पाहिला. आता मी स्वतः उर्दू शाळेत शिकवते. सातवीच्या वर्गाला दास्तान म्हणजे काय हे समजावून द्यायचे होते. नुसती व्याख्या फळ्यावर लिहून दिली तर मुले ती पाठ करतात आणि विसरतात, म्हणून शाळेच्या प्रोजेक्टरवर त्यातला थोडा भाग दाखवावा असे मनात आले. आधी घरी एकटीने पूर्ण पाहिला. खरे सांगायचे तर तो फार चांगला चित्रपट नाही. लांबतो, गाणी नको तिथे येतात, दगडी भिंती पुठ्ठ्याच्या आहेत हे लपत नाही. लहानपणी ज्या राक्षसांना घाबरून मी दादीच्या पदरात तोंड लपवले होते, त्यांच्याकडे बघून माझी मुलगी हसत होती. पण नामावलीत दिग्दर्शकाचे नाव आले आणि मी थांबले. बाबूभाई मिस्त्री. हे नाव मी पौराणिक चित्रपटांच्या संदर्भात वाचले होते. त्यांचा इथे काय संबंध, असे वाटले आणि शोध सुरू झाला.

बाबूभाई मूळचे सुरतचे, जन्म १९१८चा. विजय भट्ट यांच्या 'ख्वाब की दुनिया' या १९३७च्या चित्रपटात एक अदृश्य माणूस होता. माणूस दिसत नाही, पण त्याने उचललेली वस्तू हवेत फिरते, हे दाखवायचे कसे? एकोणीस वर्षांच्या या पोराने काळ्या पडद्यासमोर वस्तू काळ्या धाग्याने हलवल्या. काळ्यावर काळे दिसत नाही. एवढीच युक्ती. तेव्हापासून चित्रपटसृष्टीत त्यांचे नावच 'काला धागा' पडले. पुढच्या युक्त्या अधिक अवघड होत्या. कॅमेऱ्याच्या भिंगाचा अर्धा भाग झाकून एकदा चित्रण करायचे, फिल्म उलटी गुंडाळून तेवढ्याच जागी आणायची, मग दुसरा अर्धा झाकून पुन्हा चित्रण करायचे. एका बाजूला राक्षस, दुसऱ्या बाजूला तळहाताएवढा माणूस. फिल्म एक दातादेखील पुढेमागे झाली तर सगळी मेहनत वाया. संगणक नव्हता. बोटे होती आणि मोजणी होती.

याच बाबूभाईंनी १९६१ मध्ये 'संपूर्ण रामायण' आणि १९६५ मध्ये 'महाभारत' दिग्दर्शित केले. म्हणजे पुष्पक विमान उडवणारे हात आणि हातिमची तिलिस्मी दुनिया उभी करणारे हात एकच. १९९० मध्ये 'हातिमताई' आला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. मला जो जुनाट वाटला, तो चित्रपट एका म्हाताऱ्या कारागिराच्या अखेरच्या कामांपैकी होता. हे कळल्यावर पुठ्ठ्याच्या भिंती मला निराळ्या दिसू लागल्या.

त्याआधीचा 'हातिमताई' १९५६चा. तो होमी वाडियांचा. वाडिया बंधू पारशी. जे.बी.एच. वाडिया यांनी १९३३ मध्ये वाडिया मूव्हीटोनचा पहिला बोलपट काढला तोच 'लाल-ए-यमन', जिन-परीचा, पारशी रंगभूमीच्या वळणाचा. पुढे होमी वाडियांनी बसंत पिक्चर्समधून १९५२ मध्ये 'अलादीन', १९५४ मध्ये 'अलीबाबा' आणि मग हातिमताई काढला. हातिम झाले पी. जयराज, हैदराबाद संस्थानातील करीमनगरचे तेलुगुभाषक. नायिका शकिला. संगीत एस. एन. त्रिपाठी यांचे. या चित्रपटात रफीसाहेबांनी गायलेली एक मुनाजात आहे. आमच्या घरी ती शबे-बरातला लागायची, आणि ती चित्रपटातली आहे हे अब्बांना सांगितले तेव्हा त्यांना क्षणभर खरे वाटेना. 'अलादीन'मध्ये चिराग घासणारे महिपाल पुढे बाबूभाईंच्या 'संपूर्ण रामायणा'त राम झाले. प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटले नाही.

इथे आमच्या नगरची आठवण होते. शाहू मोडक १९१८ मध्ये अहमदनगरला (आता अहिल्यानगर) एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मले आणि पडद्यावर कृष्ण म्हणून देशभर पुजले गेले. १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानेश्वर तेच होते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे आमच्याच जिल्ह्यात. आणि त्या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक शेख फत्तेलाल, प्रभातचे साहेबमामा. नेवाशाच्या ज्ञानेश्वरांना एका नगरच्या ख्रिस्ती नटाने आणि एका कोल्हापूरकडच्या मुसलमान दिग्दर्शकाने पडद्यावर आणले. हे आमच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? मला स्वतःला बी.एड. होईपर्यंत ठाऊक नव्हते.

दादीच्या वालिदांची पोथी घर बांधताना गेली. पण तिचे मूळ सांगता येते. हातिमताईचा किस्सा फारसीत होता. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हैदर बख्श हैदरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तो उर्दूत आणला, नाव ठेवले 'आराइश-ए-महफिल'. (याच नावाचे याच कॉलेजात शेर अली अफसोस यांचेही पुस्तक आहे, ते हिंदुस्थानच्या इतिहासाचे. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि हमखास चुकतो. माझाही चुकला होता.) साहेबांना उर्दू शिकवण्यासाठी लिहिलेले पुस्तक छापखान्यांनी उचलले आणि ते खेड्यापाड्यांतील कंदिलापर्यंत पोहोचले. मराठीतही हे वारे आले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' १८६० नंतर प्रसिद्ध होऊ लागल्या आणि मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. आमच्याइतकेच हे किस्से त्यांचेही आहेत.

किस्सा थोडक्यात असा. हुस्नबानू नावाच्या श्रीमंत, शहाण्या मुलीची अट आहे, की माझ्या सात प्रश्नांची उत्तरे आणील त्याच्याशीच लग्न करीन. मुनीर शामी हा शहजादा तिच्यावर आशिक आहे, पण त्याच्याने हे होणारे नाही. तो जंगलात रडत बसलेला हातिमला भेटतो. हातिम म्हणतो, तू थांब, मी जातो. यातली गंमत लक्षात घ्या. सात सफरींचे हाल हातिम सोसतो ते दुसऱ्याच्या लग्नासाठी. चित्रपटवाल्यांना हे पचणे कठीण. नायक दुसऱ्यासाठी मरमर करतो आणि शेवटी परक्याची वरात निघते, असे तिकीट कोण काढील? दादीची खरी तक्रार नाचाबद्दल नव्हती, ती याबद्दल होती, असे मला आता वाटते.

पहिल्याच सफरीत एक लांडगा हरिणीच्या मागे लागलेला असतो. तिला दूधपिते पाडस आहे. हातिम लांडग्याला अडवतो. मग त्याला वाटते, मी याच्या तोंडचा घास काढला, हा उपाशी राहणार. तो आपल्या मांडीचे मांस कापून लांडग्याला देतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीत मी ही गोष्ट सांगितली, तर मराठी शाळेतल्या एक बाई ताबडतोब म्हणाल्या, "अहो, ही तर आमच्या शिबी राजाची!" कबुतर आणि ससाणा, आणि तराजूत घातलेले मांडीचे मांस. डबे तसेच राहिले. किस्सा कोणाकडून कोणाकडे गेला यावर आम्ही बराच वेळ बोललो, निकाल काही लागला नाही.

आता वर्गातली गोष्ट. मी अर्ध्या तासाचा भाग दाखवला. मुले खूष. मग एका मुलीने हात वर केला. "टीचर, हातिम मुसलमान था क्या?" मी म्हटले, नाही, तो इस्लामच्या आधीचा. लगेच पुढचा प्रश्न, "तो फिर वो जन्नत में जाएगा?" वर्ग एकदम गप्प. मीही गप्प. उद्या सांगते, म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका विद्यार्थ्याचे वडील आले. सभ्य गृहस्थ, आवाज न चढवता म्हणाले, "टीचर, जादू-परी बच्चों को कायको दिखाना? अकीदा बिगडता." मला राग आला नाही असे म्हणणे खोटे होईल. पण मुलांची काळजी त्यांना होती तशी मलाही होती. मी त्यांना बसवले आणि दोन दिवसांची मुदत मागितली.

मग वाचत बसले. खरा हातिम यमनचा शहजादा नव्हता. तो अरबस्थानच्या उत्तरेला, आजच्या हाइलच्या आसपास राहणाऱ्या तय या कबिल्याचा सरदार आणि शायर होता, सहाव्या शतकातला. त्याचा धर्म ख्रिस्ती असल्याचे बहुतेक जण सांगतात. पाहुण्यासाठी घरात काही नसल्याने आपला लाडका घोडा कापणारा हातिम शेख सादींनी 'बोस्तान'मध्ये सांगितला आहे. पैगंबर साहेबांच्या (स.अ.) काळी तो हयात नव्हता. मात्र त्याची मुले होती. हिजरी सन ९ मध्ये हजरत अली (रजि.) यांच्या सरदारीखाली तय कबिल्यावर तुकडी गेली, तेव्हा हातिमचा मुलगा अदी शामकडे निघून गेला आणि मुलगी सफ्फाना कैद होऊन मदिन्यात आली. सीरतच्या ग्रंथांत येते, की तिने पैगंबर साहेबांसमोर उभे राहून आपल्या बापाची ओळख दिली, तो भुकेल्याला जेवू घालणारा होता, असे सांगितले. तिला सोडण्यात आले, वाटखर्च आणि विश्वासू सोबत देऊन मानाने परत पाठवण्यात आले. तिनेच भावाला मदिन्याला जाण्यास सांगितले. अदी आले, पैगंबर साहेबांनी त्यांना बसायला स्वतःची गादी दिली, आणि ते सहाबी झाले. पुढे सिफ्फीनच्या लढाईत ते हजरत अलींच्या बाजूने होते.

एवढ्यावर थांबले असते तर माझे काम सोपे झाले असते. पण 'मुस्नद अहमद'मध्ये आणखी एक रिवायत आहे. अदींनी वडिलांच्या सखावतीबद्दल विचारले. उत्तर मिळाले त्याचा आशय असा, की तुझ्या वडिलांना जे हवे होते ते त्यांना मिळाले. याचा अर्थ उलमा नावलौकिक असा घेतात. ही रिवायत लपवून ठेवणे मला बरे वाटले नाही. मी वर्गात दोन्ही गोष्टी सांगितल्या. सफ्फानाचा मान राखला गेला हेही सांगितले, आणि हातिमच्या आखिरतचा निकाल देणे टीचरच्या हातात नाही हेही. प्रश्न विचारणारी मुलगी थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मगर चौदा सौ बरस बाद भी नाम तो लेते ना उसका." मी म्हटले, हो, घेतो.

ते गृहस्थ पुन्हा आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. सफ्फानाची हकिकत त्यांना माहीत नव्हती, ती त्यांनी दोनदा विचारली. मग म्हणाले, "ये पढाव. पिक्चर मत दिखाव." आमचे एवढ्यावर मिटले. पूर्ण पटले असे नाही, त्यांनाही आणि मलाही. चित्रपट मी पुन्हा लावला नाही. मात्र शनिवारी शेवटच्या तासाला 'आराइश-ए-महफिल' मोठ्याने वाचते, दादीचे वालिद वाचत तसे. हैदरींची भाषा जड आहे, मध्ये मध्ये दखनीत समजावून द्यावे लागते. सातव्या प्रश्नापर्यंत आम्ही पोहोचलो आहोत. हम्माम बादगर्द. पिंजऱ्यातील पोपटाला तीन बाणांत टिपायचे असते. नेम चुकला की माणूस पायापासून दगड होत जातो. हातिमचे पहिले दोन बाण चुकतात. मी तिथेच पुस्तक मिटले तेव्हा वर्गात केवढा गोंधळ झाला!

त्यांना बाबूभाईंच्या काळ्या धाग्याचीही गोष्ट सांगितली होती. पुढच्या सोमवारी वर्गात शिरले तर टेबलावरचे डस्टर आपोआप सरकत होते. मागच्या बाकावर दोन मुले अगदी गंभीर चेहरे करून बसलेली. आमच्या वर्गाचा फळा काळा असला तरी भिंत पांढरी आहे, त्यामुळे धागा स्वच्छ दिसत होता. मी घाबरून दोन पावले मागे सरकले.