नाण्यावरची आई



सोन्याचं नाणं हातात आलं की आपण आधी त्याचं वजन बघतो. आज त्यावरचं चित्र बघू या. नाणं रोमचं आहे, इसवी सन ५४ मधलं. त्याला ‘ऑरियस’ म्हणत. पाऊण तोळ्याहून किंचित जास्त सोनं. साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार अशी ९ नाणी.

त्यावर दोन चेहरे आहेत, एकमेकांकडे बघणारे आणि अगदी बरोबरीचे. एक सोळा वर्षांचा नवा सम्राट नीरो, दुसरी त्याची आई अग्रिपिना. चेहऱ्यांभोवती अक्षरं आहेत ती आईची: ‘अग्रिपिना ऑगस्टा, दिव्य क्लॉडियसची पत्नी, नीरोची माता’. मुलाचं नाव नाण्याच्या मागच्या बाजूला! रोममध्ये बाईला ना मत होतं, ना पद. तरी तिचं नाव पुढे. अर्थात ओळख मात्र नवऱ्याची आणि मुलाचीच, हेही बघा.

हे तिने मिळवलं होतं. ती सैन्याच्या लाडक्या सेनापतीची, जर्मानिकसची मुलगी. सम्राट क्लॉडियसशी, म्हणजे सख्ख्या काकाशी, तिने लग्न केलं आणि त्याचा सख्खा मुलगा मागे सारून आपल्या मुलाला गादीवर बसवलं. इतिहासकार टॅसिटस सांगतो, की सिनेटची सभा राजवाड्यात भरवत आणि ही पडद्याआड उभी राहून सगळं ऐके. आर्मेनियाचे वकील आले तेव्हा ती सम्राटाच्या शेजारी बसायला निघाली. सेनेकाने नीरोला खुणावलं, ‘ऊठ, आईला सामोरा जा.’ दिसायला तो मान होता, पण तिला अडवलं होतं.

आता ५५ सालचं नाणं घ्या. चेहरे दोनच आहेत, पण दोन्ही एकाच दिशेला. पुढे नीरो, त्याच्यामागे आईच्या चेहऱ्याची नुसती कड. त्याचं नाव पुढच्या बाजूला आलंय, तिचं मागे गेलंय. एका वर्षात एवढा फरक! राजवाड्यातली भांडणं लोकांना कळली नसतील, पण नाणं त्यांच्या हातात होतं.

५६ पासूनच्या नाण्यांवर नीरो एकटाच आहे.

५९ साली त्याने आईला मुद्दाम मोडणाऱ्या नावेत बसवलं. ती पोहून किनाऱ्याला लागली. मग त्याने सैनिक पाठवले, आणि त्यांनी तिला तिच्याच घरात मारलं.