शनिवारची मोर्णा

आपण दहावी झालो तेव्हा वाशीम जिल्हाच नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. तोवर आपल्या दाखल्यांवर ‘जि. अकोला’ असायचे आणि मोठे काम निघाले की एस.टी.ने पातूरमार्गे अकोल्याला जायचे. म्हणून तिथल्या मोर्णा नदीची गोष्ट मला परक्या गावाची वाटत नाही.

अकोला मोर्णेकाठीच वसले. जुने शहर एका तीरावर, नंतरची वस्ती दुसऱ्या. औरंगजेबाच्या काळातला असदगड किल्लाही याच नदीवर उभा आहे. एकेकाळी बारमाही वाहणारी मोर्णा पुढे पावसाळ्यापुरती उरली. बाकीचे महिने पात्रात गवत आणि जलकुंभी.

१३ जानेवारी २०१८, संक्रांतीच्या आदला दिवस. जिल्हाधिकारी आस्तिककुमार पाण्डेय यांच्या पुढाकाराने दोन्ही काठांवर चार किलोमीटरच्या टप्प्यात १४ ठिकाणी लोक उतरले. सहा हजारांहून अधिक नागरिक आणि शंभरावर संस्था होत्या. शाळकरी पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे आले. २० जानेवारीला पुन्हा काम झाले आणि नदी स्वच्छ होईपर्यंत दर शनिवारी सकाळी जमायचे ठरले. २८ जानेवारीच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी या मोहिमेचा उल्लेख केला.

पण पुढच्या वर्षांत जलकुंभी पुन्हा आली. मग ती मेहनत वाया गेली का? मला तसे वाटत नाही. जलकुंभी सांडपाण्यावर पोसते. नाले नदीत सुटतात तोवर हातांनी काढलेली वेल परत पसरणारच. आमच्या संगणकाच्या कामात तोच बिघाड पुन्हा आला, तर दुरुस्ती वरवरची झाली असे समजतो आणि मूळ शोधतो. इथे मूळ नाल्यांत आहे. सांडपाणी शुद्ध करणे नगरपालिका-महापालिकांचे काम. मात्र चिखलात उतरलेला माणूसच ते नेटाने मागतो. नदीकडे पाठ फिरवलेल्या शहराला त्या शनिवारांनी पुन्हा काठावर आणले, ही कमाई लहान नाही.

आपले वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, तीर्थांचे गाव. पुढच्या मेळाव्यात एक सकाळ पद्मतीर्थासाठी राखून ठेवू या. कचरा उचलूच, पण आधी काठाने एक फेरी मारून पाण्यात कुठून काय येते ते पाहू आणि लिहून ठेवू.