वर्ध्याचें ऊन आणि वाहनांतील बैठक

१९४२ च्या जून महिन्यांत लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार महात्मा गांधींच्या भेटीसाठीं सेवाग्रामला आला व एक आठवडा तेथें राहिला. त्यानें गांधींशीं केलेलीं संभाषणें पुढें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं, आणि 'छोडो भारत' चळवळीच्या अगदीं आधींच्या दिवसांचा वृत्तांत म्हणून इतिहासकार त्यांचा आजहि उपयोग करतात. त्याच वृत्तांतांत एक लहानसा प्रसंग आहे. राजकारणाच्या अभ्यासकांचें लक्ष त्याकडे सहसा जात नाहीं. पाऊस अद्याप यावयाचा होता आणि पारा ११० अंश फॅरनहाइटच्या घरांत होता. टिपणें टंकलिखित करावयास बसावें, तर घामानें जीव नकोसा होई. शेवटीं फिशरनें एका पत्र्याच्या टबांत पाणी भरलें, त्यांत लाकडी खोकें ठेवलें, खोक्यावर टॉवेलाची घडी घातली, आणि टबाबाहेरच्या दुसऱ्या खोक्यावर टंकलेखनयंत्र मांडून तो त्या पाण्यांतील आसनावर बसला. घाम सुटूं लागला कीं भांडें बुडवून मानेवर, पाठीवर पाणी ओतावें आणि पुन्हां लिहूं लागावें, असा त्याचा क्रम असे. या युक्तीनें त्याला तास तास न थकतां काम करतां आलें.

पाण्यांत ठेवलेलें खोकें हें कांहीं मोठें यंत्र नव्हे. परंतु मोटारींतील थंड आसनासाठीं आज जी एवढी विद्युत् आणि एवढी बुद्धि खर्च होते, तिचें सर्व मर्म त्या खोक्यांत आहे. मनुष्याला जी उष्णता असह्य होते ती हवेंतील तर खरीच, पण बसणाऱ्याची पाठ आणि मांड्या जेथें टेकतात तेथली अधिक. उघड्या अंगावर आलेला घाम वाऱ्यानें वाळतो व वाळतांना शरीराची उष्णता घेऊन जातो. टेकलेल्या अंगाखालचा घाम मात्र कोंडून राहतो. गादी जितकी मऊ, तितका हा कोंडमारा जास्त. वर्धा हा कापसाचा जिल्हा, हिंगणघाटच्या कापसाचें नांव विलायतेच्या बाजारापर्यंत गेलेलें. आणि कापसाच्याच गादीवर येथल्या मे महिन्यांत बसवत नाहीं, हा योगायोग थोडा गमतीचाच म्हटला पाहिजे.

म्हणून जुन्या काळीं उन्हाळ्यांत या भागांतील घरोघर गादीपेक्षां अंबाडीच्या दोरीनें विणलेल्या बाजेला मान असे. बाजेच्या जाळींतून खालून वारा खेळतो, आणि पाठीचा घाम वाळतो. प्रवासांतहि लोक हेंच धोरण ठेवीत. माल वाहणारी बंडी निराळी, आणि माणसें नेणारी हलकी रेंगी किंवा दमणी निराळी. रेंगींत थंडीच्या दिवसांत कडब्याचा वा तणसाचा जाड थर, त्यावर सतरंजी व वर घोंगडी असा थाट असे. पौष-माघांत पहांटे निघालेल्या वऱ्हाडाला हें उबदार आसन पुरेसें होई. उन्हाळ्यांत मात्र घोंगडी निघून जाई, आणि गाडी शक्यतों रात्रीं जुंपली जाई. बैठक थंड करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय सूर्य मावळल्यावर निघणें हाच होता. त्याला खर्च कांहींच नव्हता. आणि बैलांचीहि त्यांत सोय होती.

१८६२ सालीं नागपूरपासून वेगळा होऊन वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि १८६७ च्या फेब्रुवारींत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची आगगाडी वर्ध्यावरून नागपुरास पोंचली. आगगाडीनें एक गोष्ट बदलली. निघण्याची वेळ आतां प्रवाशाच्या हातीं राहिली नाहीं. वेळापत्रकानें दुपार नेमून दिली तर दुपारींच बसावें लागे. लोखंडी पत्रा आणि लाकूड यांचा डबा काळ्या मातीच्या सपाट मुलखांतून तापत जाई. यावर कंपनीनें जो उपाय केला तो पहिल्या वर्गापुरता. १८७२ च्या सुमारास या रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या कांहीं डब्यांत साँडर्स-पद्धति म्हणून ओळखली जाणारी योजना आली. वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून वारा आंत घ्यावयाचा, एवढेंच तिचें तत्त्व. धांवत्या गाडीला वारा फुकट मिळतो आणि पाणी स्टेशनावर मिळतें. त्यामुळें तत्त्व साधें असूनहि तें चाललें. तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवरील प्रवाशांसाठीं उघडी खिडकी आणि स्टेशनावर पाणी पाजणारा, एवढ्या दोनच सोयी होत्या.

वाळ्याच्या ताटीला जुनाट समजून हंसणाऱ्यांनीं एक हिशेब करून पाहावा. एक किलो बर्फ वितळतांना सुमारें ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. एक किलो पाणी वाफ होऊन उडून जातांना सुमारें ५८० किलोकॅलरी घेतें, म्हणजे सातपटीहून अधिक. १९३४ सालीं मुंबई-पेशावर मार्गावरील फ्रंटियर मेलच्या एका डब्यांत बर्फाच्या लाद्यांवरून वारा खेळविण्याची व्यवस्था झाली आणि तिची मोठी वाहवा झाली. पण तो बर्फ वाटेंतल्या स्टेशनांवर पुनः पुनः भरावा लागे. १९३६ सालीं खऱ्या अर्थानें वातानुकूल डबा येथें आला, आणि ताटीचा जमाना आगगाडींतून संपला. विदर्भांतील घरांतून मात्र ती आजहि कूलरच्या रूपानें नांदत आहे. मे महिन्यांतील ४३ अंश सेंटिग्रेडची हवा असली आणि तींतील आर्द्रता शेंकडा २० इतकीच असली, तर ओल्या ताटींतून ती सिद्धांततः २५ अंशांपर्यंत उतरूं शकते. प्रत्यक्षांत इतकी उतरत नाहीं, पण बरीच उतरते. कोंकणांतील दमट हवेंत हीच ताटी निरुपयोगी ठरेल. वर्ध्याचें ऊन प्रखर आहे खरें, परंतु तें कोरडें आहे, आणि त्या कोरडेपणांतच त्याचा उतारा आहे.

सेवाग्रामांत हें सर्वांस ठाऊक होतें. गांधीजी १९३६ सालीं या खेड्यांत राहावयास आले. तेव्हां त्याचें नांव शेगांव होतें, सेवाग्राम हें नांव १९४० मध्यें पडलें. कुडाच्या व मातीच्या भिंती, वर कौलें, आणि कडक उन्हांत डोक्यावर ओल्या फडक्याची घडी, अशी त्यांची उष्णतेपासून बचावाची सामग्री होती. वर्ध्याहून आश्रम सुमारें आठ किलोमीटर. पाहुणे टांग्यानें किंवा बैलगाडीनें येत. जमनालाल बजाज यांच्याकडील एका जुन्या फोर्ड मोटारीस बैल जुंपून ती या वाटेवर चालविली जाई व तिला विनोदानें 'ऑक्सफर्ड' म्हणत, अशी हकीकत सेवाग्रामच्या आठवणींतून सांगितली जाते. बैल आणि फोर्ड मिळून ऑक्सफर्ड! मोटारीच्या स्प्रिंगदार गादीवर बसावें आणि बैलाच्या गतीनें ऊन खात जावें, अशी त्या वाहनाची तऱ्हा असली पाहिजे.

थंड प्रदेशांतील लोकांचा प्रश्न याच्या उलट होता, आणि तो त्यांनीं आपल्याआधीं सोडविला, कारण तो सोपा होता. इंग्लंडांतील रेल्वेच्या डब्यांत प्रवाशाच्या पायांखालीं गरम पाण्याचे पत्र्याचे डबे ठेवीत. १८८० च्या सुमारास त्यांत पाण्याऐवजीं सोडियम ॲसिटेटचें द्रावण घालण्यांत येऊं लागलें, कारण तें गोठतांना सांठविलेली उष्णता बराच वेळ देत राहतें. मोटारीच्या आसनांत विजेची तार घालण्याची कल्पना अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीच्या रॉबर्ट बॅलार्ड यानें १९५१ सालीं पेटंटासाठीं मांडली. १९६६ सालच्या कॅडिलॅक गाडींत असें आसन जादा पैसे भरून मिळूं लागलें, आणि १९७२ च्या नमुन्यापासून स्वीडनच्या साब कंपनीनें चालकाचें आसन सरसकट गरम करून दिलें. तारेंतून वीज वाहिली कीं ती सर्वच्या सर्व उष्णता होते. कांहीं वायां जात नाहीं, आणि ती उष्णता थेट पाठीला लागते. एंजिन तापून गाडींतील हवा गरम होण्यापूर्वींच आसन उबदार झालेलें असतें. या यंत्राच्या कार्यक्षमतेविषयीं तक्रारीला फारशी जागा नाहीं. ज्यांच्या अंगाची संवेदना मधुमेहानें अथवा पक्षाघातानें मंद झाली आहे त्यांना मात्र नकळत भाजण्याचें भय असतें, आणि तें कमी लेखण्यासारखें नाहीं.

थंडीचें तसें नाहीं. उष्णता निर्माण करतां येते, पण थंडी निर्माण करतां येत नाहीं. उष्णता एका जागेहून उचलून दुसरीकडे टाकावी लागते. झां पेल्तिए या फ्रेंच घड्याळजीनें १८३४ सालीं दाखविलें कीं दोन निराळ्या धातूंच्या सांध्यांतून वीज गेली असतां एक सांधा थंड होतो व दुसरा तापतो. या शोधावर आधारलेलीं आसनें अमेरिकेंत २००० सालच्या सुमारास महागड्या गाड्यांत आलीं. तीं खरोखर थंड होतात. परंतु जितकी उष्णता पाठीकडून घेतात त्याहून अधिक गाडींतच सोडतात, आणि तिची विल्हेवाट पुनः वातानुकूलनालाच लावावी लागते. साब कंपनीनेंच १९९७ मध्यें दुसरा, साधा मार्ग घेतला. आसनाच्या आवरणाला बारीक छिद्रें, खालीं लहानसा पंखा, एवढ्यावर काम भागलें. आपल्याकडे २०१७ सालीं ह्युंदाईच्या वर्ना गाडीबरोबर हें आसन मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आलें व नंतर इतर गाड्यांतहि पसरलें.

विक्रेते त्यास 'थंड आसन' म्हणतात. हें नांव फसवें आहे. त्यांत थंड करणारें यंत्र नाहींच. तें फक्त वारा खेळवितें. वर्ध्याच्या मे महिन्यांत दुपारभर उन्हांत उभ्या राहिलेल्या गाडीच्या आंतील हवा ६० अंशांकडे जाते. अशा वेळीं पंखा लावला तर तो तीच भट्टीची हवा पाठीवर सोडतो, आणि पहिलीं कांहीं मिनिटें आसन असून नसून सारखें. आधीं कांचा उघडून गरम हवा बाहेर घालवावी, वातानुकूलन सुरू करावें, आणि मग पंखा लावावा. तेव्हां पाठीखालचा घाम वाळूं लागतो व पंख्याचें मोल कळतें. आषाढ-श्रावणांत हवेंतच ओल भरलेली असते, त्या वेळीं वातानुकूलन बंद ठेवून केवळ पंख्यावर विसंबलें तर गुण फारच थोडा. गंमत अशी कीं, पुष्कळ महाग गाड्यांत दोन्हीं सोयी शेजारशेजारच्या बटनांवर असतात. वर्ध्यास जिची गरज पौषांतल्या चार पहांटेंपुरती, ती उष्णतेची सोय बिनचूक चालते. आणि जिची गरज चार महिने, ती थंडीची सोय आणखी एका यंत्राच्या आधाराशिवाय उभी राहत नाहीं.

२०२२ च्या डिसेंबरांत नागपूर ते शिर्डी असा समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. तो वर्धा जिल्ह्यांतून जातो. झाडांची सावली नसलेल्या त्या सिमेंटच्या रस्त्यावर सलग कित्येक तास बसून राहणें ही या भागांतील प्रवासाची नवी तऱ्हा आहे, आणि तींत आसनाचा प्रश्न चैनीचा राहत नाहीं. घामानें चिंब झालेल्या व थकलेल्या चालकाचें लक्ष लवकर उडतें. मोटारींतला मालक पंखा लावतो. त्याच रस्त्यावर वातानुकूलन नसलेला ट्रक हांकणारा चालक आपल्या बैठकीवर लाकडी मण्यांचें विणलेलें आवरण बांधतो. मण्यांच्या फटींतून पाठीखालीं वारा जातो, जसा बाजेच्या दोरींतून जाई. आणि ढाब्यावर गाडी थांबली कीं तो नळाखालीं दुपट्टा भिजवून मानेवर टाकतो व पुढें निघतो.