खिशातला जुना चाकू: ओळख, मोल आणि जतन

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या जुन्या घरांत शोधले तर एखादा घडीचा चाकू हमखास सापडतो. कधी तो आजोबांच्या पानसुपारीच्या चंचीत अडकित्त्याशेजारी असतो, कधी फौजेतून आलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत, तर कधी शेतीच्या अवजारांच्या फळीवर. घर बदलताना किंवा वाटण्या होताना अशा वस्तू भंगारात किलोच्या भावाने जातात. चाकू जातो आणि तो कुणी, कुठे वापरला हेही त्याच्याबरोबर विसरले जाते. हे टळावे म्हणून सभासदांसाठी ही माहिती आम्ही एकत्र केली आहे.

आपल्या भागात हे चाकू आले कोठून?

पहिली वाट लष्कराची. १९२२ च्या पुनर्रचनेत मराठा पलटणी एकत्र करून रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र बेळगावात आले. आजचे मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर तेच. या केंद्रामुळे आजूबाजूच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे फौजेत गेली, आणि निवृत्तीनंतर ट्रंकेतून त्यांच्या रोजच्या वापराच्या वस्तू घरी आल्या. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश नमुन्याचा लष्करी चाकू ओळखायला सोपा आहे. त्याला सरळ धारेचे, बोथट टोकाचे रुंद पाते, डबा उघडण्याचे पाते आणि पुष्कळदा दोरीच्या गाठी सोडवण्याचा जाड टोच्या असतो. मूठ काळी व चौकटीच्या खरखरीत नक्षीची असते आणि टोकाला दोरी अडकवायची कडी असते.

दुसरी वाट व्यापाराची. इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन या दोन गावांचे चाकू ब्रिटिश काळात भारतभर विकले जात. तिसरी वाट देशी. उत्तर प्रदेशातील रामपूरचा खटक्याचा चाकू हिंदी चित्रपटांमुळे सर्वांना माहीत झाला. त्याशिवाय बागायतदारांकडे कलमे बांधण्यासाठी वापरला जाणारा लहान घडीचा चाकूही असतो. तो दिसायला साधा असल्यामुळे सर्वांत आधी फेकला जातो.

शिक्का कसा वाचावा?

चाकू उघडला की पाते मुठीत शिरते त्या बुंध्याशी बारीक अक्षरे किंवा चिन्ह दिसते. सुती कापडाने हलके पुसून, भिंगातून आणि तिरप्या उजेडात पाहावे. घासून उजळायचा प्रयत्न करू नये, कारण अक्षरे उथळ असतात.

शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचे चिन्ह तारा आणि माल्टीज क्रॉस असे जोडीने येते. हे चिन्ह तिला १७६४ मध्ये मिळाले. या नावाचा दबदबा इतका होता की मिळत्याजुळत्या नावांची नक्कल खूप झाली. अस्सल कंपनीच्या इंग्रजी नावात ‘डी’ हे अक्षर आहे, ते नसेल तर चाकू दुसऱ्या कुणाचा समजावा. ‘आयएक्सएल’ ही अक्षरे जॉर्ज वोस्टनहोम या शेफील्डच्याच कारखान्याची. झोलिंगेनच्या हेंकेल्सची जुळ्यांची आकृती १७३१ मध्ये नोंदवलेली आहे. व्हिक्टोरिनॉक्सचा स्विस कारखाना १८८४ चा असला तरी ते नाव १९२१ नंतरचे. त्यामुळे ते नाव कोरलेला चाकू त्याआधीचा असू शकत नाही.

काळ ठरवायला आणखी काही खुणा उपयोगी पडतात:

• स्टेनलेस पोलादाचा शोध शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये लावला. पात्यावर ‘स्टेनलेस’ असेल तर चाकू त्यानंतरचाच.

• ‘वेस्ट जर्मनी’ असा शिक्का १९४९ ते १९९० या काळातला.

• मुकुटासह ‘व्हीआर’ ही अक्षरे व्हिक्टोरिया राणीची, म्हणजे १८३७ ते १९०१ मधली. ‘जीआर’ मात्र एकाहून अधिक जॉर्ज राजांची असल्याने एकट्या त्या खुणेवरून वर्ष ठरवू नये.

• रुंद बाणाचे चिन्ह सरकारी लष्करी मालाचे. त्याच्या जोडीला ‘आय’ हे अक्षर असेल तर माल भारतीय सैन्यासाठीचा. लष्करी चाकूवर पुष्कळदा कारखान्याचे नाव आणि वर्षही असते.

‘जर्मनी’ हा शब्द पात्यावर का आला, यालाही इतिहास आहे. परदेशी चाकूंवर शेफील्डचे नाव घालून ते विकले जात, अशा तक्रारींमुळे ब्रिटनमध्ये १८८७ चा व्यापारी चिन्हांचा कायदा आला. भारतात तसाच कायदा १८८९ मध्ये झाला. पुढे १९३८ मध्ये जर्मनीनेही झोलिंगेन या नावाला कायद्याचे संरक्षण दिले.

मोल ठरवताना काय पाहावे?

जुन्या चाकूचा ठरलेला भाव नसतो. एकाच कारखान्याच्या, एकाच वयाच्या दोन चाकूंच्या किमतीत मोठा फरक पडतो. तो कशामुळे पडतो ते समजले की भंगारवाला किंवा जुन्या वस्तूंचा व्यापारी सांगेल तो आकडा निमूट मान्य करावा लागत नाही.

पहिले म्हणजे पाते किती उरले आहे. वर्षानुवर्षे सहाणेवर धार लावून पाते झिजते. चाकू मिटल्यावर पाते आणि मूठ यांत मोठी पोकळी दिसत असेल, तर बरेच पाते गेले आहे असे समजावे. पूर्ण पात्याच्या चाकूला संग्राहक सर्वांत आधी हात घालतात.

दुसरे म्हणजे चाल. पाते उघडताना आणि मिटताना पाठीच्या स्प्रिंगचा ‘टक’ असा खणखणीत आवाज यावा. उघडलेले पाते डावी-उजवीकडे डुलत असेल तर खिळा सैल झाला आहे.

तिसरे म्हणजे मूळपणा. मूठ बदललेली, खिळा नवा, किंवा पाते ग्राइंडरवर चकचकीत केलेले असेल तर किंमत उतरते. जुन्या पोलादावरचा करडा-निळसर थर हा दोष नव्हे, ते वयाचे लक्षण आहे. लाल, खवले धरणारा गंज मात्र नुकसान करतो.

चौथे म्हणजे मुठीचा पदार्थ. हाड, शिंग, शिसवी लाकूड, शिंपला, सेल्युलॉइड, बेकेलाइट असे अनेक प्रकार आढळतात. ओळखण्यासाठी तापलेली सुई टोचू नये. सेल्युलॉइड भडकन पेटते.

पाचवे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे माहिती. ‘जुना लष्करी चाकू’ आणि ‘अमुक पलटणीतील जवानाचा, त्याच्या सेवापुस्तकासह आणि छायाचित्रासह चाकू’ यांत संग्राहकाच्या दृष्टीनेही फरक असतो, आणि घराच्या दृष्टीने तर असतोच. आपल्या भागातले जवान पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात आणि दुसऱ्यात इटलीत लढले. मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांना १९४४ साली आणि नामदेव जाधव यांना १९४५ साली इटलीतील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पिढीतल्या प्रत्येकाचे नाव इतिहासात येत नाही. पुष्कळांच्या घरी त्या काळाची खूण म्हणून एखादे पदक, एखादे पत्र आणि असा एखादा चाकू एवढेच उरले आहे.

कायद्याचे चार शब्द

शस्त्र कायदा १९५९ खालील नियमांत, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या, घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी न बनवलेल्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात आणि अधिसूचित भागांत त्यांना परवाना लागतो. खिशातले बहुतेक चाकू याहून बरेच लहान असतात. तरी निवडणूक, सण किंवा जमावबंदीच्या काळात चाकू घेऊन फिरू नये. विमानात तो हातातल्या पिशवीत चालत नाही.

हस्तिदंताची मूठ असलेला चाकू विकता किंवा विकत घेता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. सांबरशिंगाच्या मुठीबाबतही हाच कायदा लक्षात ठेवावा आणि व्यवहारापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी.

मुले परदेशी असलेल्या सभासदांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुरावस्तू कायदा १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी, कला-कारागिरीच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोलाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा.

जतन

आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत पोलाद लवकर गंजते. चाकू पुसून, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बिजागरीत सोडून, पात्याला तेलाचा पुसट हात द्यावा. खोबरेल तेल वापरू नये. ते आपल्या थंडीत थिजते आणि खाचेत मळ धरते. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नये, चामडे ओल धरते. सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू इतरांपासून वेगळा ठेवावा, कारण ती मूठ कुजताना निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या पात्यांनाही गंजवते. सँडपेपर, तारेचा ब्रश आणि ग्राइंडर यांना हात लावू नये.

या कामासाठी आपल्या पंचांगात दिवस ठरलेलाच आहे. पाऊस ओसरल्यावर येणाऱ्या खंडेनवमीला आपण कोयता, विळी, अडकित्ता, चाकू पुसून पूजेला मांडतो. त्याच दिवशी घरातल्या जाणत्या माणसाला जवळ बसवून प्रत्येक वस्तूची एक चिठ्ठी लिहावी: कुणाची, कुठून आली, कशाला वापरली, पात्यावर काय लिहिले आहे, पाते किती लांब. चाकू उघडा आणि मिटलेला असे दोन फोटो काढावेत.

पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये आपला संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. मुलगा राजा याच्या नावाने ते संग्रहालय आज ओळखले जाते. सर्वांना तेवढे जमणार नाही. पण आपल्या घरातल्या एका चाकूची एक चिठ्ठी लिहिणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. ठेवायचा की विकायचा हे नंतर ठरवता येईल. माहिती सांगणारी माणसे आहेत तोवर ती लिहून घ्यावी, एवढीच सभासदांना विनंती.