एकट्याचं ताट

सुशीचं काउंटर आता आपण सगळ्यांनी निदान रीलमध्ये तरी पाहिलंय. गुळगुळीत लाकडाची लांब फळी, आठ-दहा खुर्च्या, पलीकडे पांढऱ्या कपड्यातला आचारी. तो भाताचा छोटा मुटका वळतो, वर माशाचा काप बसवतो आणि पुढ्यात ठेवतो. अलीकडचा माणूस बहुतेकदा एकटाच असतो. तो घास उचलतो, तोंडात टाकतो, मान हलवतो. मेनूकार्ड नसतं. या पद्धतीला जपानीत 'ओमाकासे' म्हणतात, म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'.

खरं तर हे आपल्याला नवीन नाही. साताऱ्याच्या एसटी स्टँडजवळच्या किंवा सांगलीत विश्रामबागच्या एखाद्या मेसमध्ये मेनूकार्ड कोण मागतं? आज जी भाजी केली असेल ती खायची. भाकरी तव्यावरून थेट ताटात येते आणि 'अजून एक वाढू का?' एवढाच संवाद होतो. बिलातला फरक मात्र भयंकर आहे. पण मला वेगळीच गोष्ट सांगायची आहे. अनोळखी माणसाच्या हातचं, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून, पैसे देऊन, एकट्यानं जेवायचं, आणि 'तू कोणाचा?' असं कोणी विचारायचं नाही, ही सोय आपल्याकडे कधी आली?

आधी जपानचं उरकून घेऊ. सुशीचा जन्म काही श्रीमंतीत झालेला नाही. मासा टिकावा म्हणून मीठ लावून भातात महिनोन्‌महिने आंबवत ठेवायचा, ही तिची जुनी रीत. आज दिसतो तो हातानं वळलेला प्रकार १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रुजला. त्याचं श्रेय हानाया योहेई या माणसाला देतात. भातात शिरका घालायचा, वर मासा ठेवायचा आणि लगेच द्यायचा. रस्त्यावरच्या गाडीसमोर उभं राहून दोन घास खायचे आणि कामाला लागायचं. आपल्या वडापावाचाच धर्म. एदोत एकट्या पुरुषांची गर्दी होती, म्हणून असं खाणं चाललं. १९२३ च्या भूकंपानं टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर तिथले आचारी गावोगाव पांगले आणि त्यांच्याबरोबर ही सुशीही पांगली. महायुद्धानंतर तांदळाची टंचाई होती, तेव्हा गिऱ्हाइकानं आपला तांदूळ न्यायचा आणि त्याबदल्यात वळलेली सुशी घ्यायची, अशी व्यवस्था होती. म्हणजे गिरणीत दळण टाकावं तसं.

गाड्या गेल्या, दुकानं आली, फळी तेवढी राहिली. आज तीच फळी जगातल्या सर्वांत महागड्या जेवणांपैकी एक झाली आहे.

आता आपल्याकडे या. आपल्याकडचा मूळ शब्द आहे पंगत. पंगतीत कोण कोणाशेजारी बसेल, कोण वाढेल, कोण बाहेर थांबेल, सगळं ठरलेलं. ज्याला शिक्षा करायची त्याला पंगतीतून उठवायचं. वाळीत टाकणं म्हणजे दुसरं काय होतं? त्याच्या घरी कोणी जेवायचं नाही, त्याला कोणी जेवायला बोलवायचं नाही. पुन्हा आत घ्यायचं असेल तर त्यानंच जातीला जेवण घालायचं. म्हणजे एकट्यानं जेवणं ही चैन नव्हती, ती सजा होती. आणि हे फार जुनं समजू नका. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला.

परक्याच्या हातचं खाण्यावरून मोठी माणसंही अडचणीत यायची. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी चहाला गेली. त्यांत टिळक होते, रानडे होते. नंतर ते प्रकरण जाहीर झालं, धर्मपीठापर्यंत गेलं आणि प्रायश्चित्ताची वेळ आली. एका कप चहासाठी! आज हसू येतं. पण त्यांच्याकडे निदान प्रायश्चित्ताचा रस्ता होता.

ज्यांच्याकडे तोही नव्हता त्यांची गोष्ट सातारा जिल्ह्यातच घडली. १९०१ साल. भीमराव आंबेडकर हा दहा वर्षांचा मुलगा साताऱ्यात शिकत होता. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून तिथे तलाव खोदला जात होता आणि ते तिथे खजिनदार होते. सुट्टीत मुलांनी वडिलांकडे जायचं ठरवलं. नवे कपडे, झगमगत्या टोप्या. आगगाडीनं मसूर स्टेशनला उतरले. वडिलांना पत्र वेळेवर मिळालं नव्हतं, त्यामुळे न्यायला कोणी आलं नाही. स्टेशनमास्तरला आधी ही मुलं ब्राह्मणांची वाटली. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवान तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार, या अटीवर.

आता यातली जेवणाची बाजू बघा. त्यांच्याकडे डबा होता. अन्न भरपूर होतं. पाणी नव्हतं. वाटेत मिळालं ते शेणामुतानं गढूळ. रात्री टोलनाक्यावर पोचल्यावर मुसलमान असल्याचं सांगून, उर्दूत बोलून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. डबा जवळ असूनही मुलं उपाशी झोपली. आंबेडकरांनी पुढे आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे, आणि तो शाळेच्या पुस्तकातल्या एखाद्या परिच्छेदात उरकण्यासारखा नाही. पैसे होते, अन्न होतं, भूक होती. फक्त 'तू कोण?' या प्रश्नाचं चालणारं उत्तर नव्हतं.

याच साताऱ्यात वीसेक वर्षांनी भाऊराव पाटलांनी उत्तर शोधलं. १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघालं. १९२७ साली गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथे वेगवेगळ्या जातींची पोरं एकत्र स्वयंपाक करायची आणि एका पंगतीत जेवायची. धान्य कमी पडलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही सोडलं नाही. माझ्या मते वर्गात एकत्र बसण्यापेक्षा ही पंगत जास्त अवघड होती. शाळेत शेजारी बसलेला पोरगा घरी जाऊन अंघोळ करू शकायचा. पोटात गेलेला घास कसा धुणार?

दुसरा रस्ता मुंबईला गेला. सातारा-सांगलीकडची माणसं गिरण्यांत कामाला लागली, बायका-पोरं गावी राहिली. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे पुरुष खानावळवाल्या बाईकडे जेवायचे. तिथेही गाववाले आणि जातवाले एकत्र जमायचेच, ते काही एका रात्रीत सुटलं नाही. पण महिन्याचे पैसे भरले की ताट मिळतं, हा व्यवहार माणसं तिथे शिकली. त्या बायकांकडे भांडवल नसायचं आणि सावकार व्याज भरमसाट घ्यायचा. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.

मग कायदा. संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा उल्लेख चक्क नाव घेऊन आहे: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला अडवता येणार नाही. इतक्या मोठ्या दस्तऐवजात हॉटेलचा विषय कशासाठी, असं वाटत असेल तर मसूरची गाडी आठवा. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदाही आला. तरी गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी पुढे बरीच वर्षं टिकली.

आता त्या काउंटरचा अजून एक किस्सा. टोकियोत गिंझा भागातल्या एका तळघरात जिरो ओनो यांचं दहा खुर्च्यांचं दुकान आहे. त्यांच्यावर माहितीपट निघाला, ओबामा तिथे जेवून गेले. मिशेलिन या प्रसिद्ध मार्गदर्शकानं त्याला तीन तारे दिले होते. २०१९ साली त्याचं नाव यादीतून गेलं. चव बिघडली म्हणून नाही. तिथे जागा मिळवायला ओळख किंवा बड्या हॉटेलची शिफारस लागायची, सामान्य माणसाला थेट आरक्षण मिळत नव्हतं, म्हणून. रस्त्यावर, कोणालाही, उभ्या-उभ्या मिळणारं खाणं दोनशे वर्षांत 'तुम्ही कोणाकडून आलात?' इथपर्यंत पोचलं.

आपल्या खानावळीतला हा प्रश्न बऱ्यापैकी मिटला, पण एक अर्धा राहिला. घटनेच्या त्या यादीत 'लिंग' हा शब्दही आहे. तरी दुपारी एक वाजता एकटी मुलगी एखाद्या भोजनालयात शिरली की वाढपी आधी तिच्या मागे बघतो, अजून कोण येतंय का म्हणून. मग आत बोट दाखवतो. 'फॅमिली रूम' तिकडं, ताई. ती एकटीच आहे, तिची फॅमिली गावाला आहे, आणि बाहेरच्या बाकावर चार जागा रिकाम्या आहेत.