पाहण्याचा दिवा आणि दिसण्याचा दिवा : सायकलच्या दिव्याचा इतिहास व मुळशीच्या आडवाटा

प्रस्तावना

पुण्याहून पिरंगुट, पौड मागे टाकून ताम्हिणी घाटाकडे जाऊ लागले की मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाडीवाटा, पायवाटा आणि जलाशयाच्या काठाने फिरणारे मुरमाचे रस्ते फुटतात. या वाटांवर जाड टायरची सायकल घेऊन जाणारे हौशी लोक आता रात्रीही बाहेर पडतात, आणि त्यांतील प्रत्येकासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो दिव्याचा : किती प्रखर दिवा घ्यावा, तो कोठे बसवावा आणि विक्रेत्याच्या सांगण्यावर कितपत विश्वास ठेवावा? वरवर पाहता हा बाजारहाटाचा प्रश्न आहे. त्यात इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे काय आहे, अशी शंका कोणासही येईल. परंतु सायकलच्या दिव्याने गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत दोन अगदी भिन्न कामे केली आहेत. एक, स्वारास वाट दाखविणे. दुसरे, स्वार इतरांस दिसेल अशी व्यवस्था करणे. आपल्या शहरांत दुसऱ्या कामालाच दिवा असे नाव मिळाले, आणि आडवाटेसाठी दिवा निवडताना जो घोटाळा होतो त्याचे मूळ बरेचसे येथे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

खोऱ्यातील अंधार

मुळशीच्या संदर्भात प्रकाशाची चर्चा करताना एका विसंगतीकडे दुर्लक्ष करता येत नाही. मुळा नदीवरील धरणाची योजना मुंबईस वीज पुरविण्यासाठी आखली गेली. टाटा उद्योगसमूहाचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये व भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले होते. मुळशीच्या पाण्यावरचे भिरा केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचे पाणी सह्याद्रीच्या कण्यातून पश्चिमेस वळवून सुमारे ५०० मीटर खाली, तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यात सोडावयाचे, अशी ही रचना. तिच्यासाठी सुमारे पन्नास गावांच्या जमिनी जाणार होत्या. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती आणि पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा साक्षेपी अभ्यास केलेला असल्याने येथे त्याची पुनरुक्ती करीत नाही.

आपल्या विषयापुरती गोष्ट एवढीच की, या खोऱ्याच्या पाण्यावर निर्माण होणारी वीज तारांमधून मुंबईकडे गेली. खोऱ्यातील रात्र मात्र चूड, पलिता आणि कंदील यांच्याच आधाराने चालत राहिली. बैलगाडीच्या आसाखाली टांगलेला, चाकांच्या सावल्या दोन्ही बाजूंस फिरवीत जाणारा कंदील ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट सहज पटेल. तो कंदील बैलांना वाट दाखवीत नसे. बैलांना वाट ठाऊकच असे. गाडी येत आहे, एवढे तो इतरांस सांगत असे. दिसण्याचा दिवा तो हा.

तेल, कार्बाईड आणि डायनॅमो

सायकलला दिवा आला तो युरोपात, उंच चाकाच्या सायकलीच्या काळात. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांनी १८८० च्या सुमारास ‘किंग ऑफ द रोड’ या नावाने तेलाचा दिवा बाजारात आणला. तो मोठ्या चाकाच्या तुंब्यावर, आऱ्यांच्या आत लटकत असे. नाव राजाचे असले तरी त्या ज्योतीच्या उजेडात चार पावलांपलीकडचा दगड दिसणे अवघडच होते.

पुढचा टप्पा कॅल्शियम कार्बाईडचा. आज हे रसायन आपल्याला आंबे पिकविण्याच्या निषिद्ध पद्धतीमुळे परिचित आहे. परंतु १८९२ मध्ये विजेच्या भट्टीत ते मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत सापडल्यानंतर काही वर्षांतच त्याने सायकलच्या दिव्याचे रूप पालटले. दिव्याच्या वरच्या कप्प्यात पाणी, खालच्या कप्प्यात कार्बाईडचे खडे. पाणी थेंबाथेंबाने पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो शुभ्र, तेजस्वी ज्योतीने जळतो. थेंबांचा वेग वाढविला की ज्योत मोठी. मागे चुन्याचा राडा उरे, तो दर फेरीनंतर खरवडून काढावा लागे. तोटीचे बारीक छिद्र तुंबे. लसणीसारखा उग्र वास येई. इतका खटाटोप लोकांनी पत्करला तो निव्वळ दिसण्यासाठी नव्हे. त्या काळी गावाबाहेरचे रस्ते कच्चे होते आणि स्वारास खरोखरच पाहावयाचे होते. पाहण्याचा पहिला समर्थ दिवा म्हणून कार्बाईडच्या दिव्याचा मान मोठा आहे.

त्यानंतर आलेला डायनॅमो सोयीच्या दृष्टीने फार पुढे, पण प्रकाशाच्या दृष्टीने मागे होता. टायरला घासून फिरणाऱ्या बाटलीच्या आकाराच्या डायनॅमोचे प्रमाण पुढे ६ व्होल्ट, ३ वॅट असे रूढ झाले, त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्यास आणि ०.६ मागच्यास. तापतारेचा दिवा वॅटमागे १० लुमेनच्या आसपास प्रकाश देतो असे धरले तर पुढे पंचवीसेक लुमेन मिळत. शिवाय वेग मंदावला की उजेड मंदावे. डांबरी रस्त्यावर हे चालून जाई. चढावर, दगडगोट्यांत, म्हणजे जेथे स्वार हळू जातो आणि त्याला उजेडाची सर्वांत अधिक गरज असते, नेमका तेथे हा दिवा डोळे मिटी.

पुण्यातील ‘विनादिवा’

पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते त्या काळात दिव्याचे नाते वाटेशी कमी आणि पोलिसाशी अधिक होते. ‘डबलसीट’ आणि ‘विनादिवा’ हे दोन गुन्हे जुन्या पुणेकरांच्या आठवणींत अजूनही जोडीने येतात. चौकात शिपाई दिसला की उतरून सायकल हातात धरून चालावयाचे, हा तर सार्वत्रिक रिवाज. रस्त्यावर नगरपालिकेचे दिवे असल्यामुळे वाट दिसतच होती. सायकलीवरचा दिवा ही नियमाची पूर्तता होती. म्हणून तो कसाही चाले. लहानसा रॉकेलचा दिवा चाले, हातातील विजेरी चाले, लुकलुकणारा डायनॅमोही चाले.

या नियमास हास्यास्पद ठरविण्याचा येथे हेतू नाही. अंधारातून अचानक पुढे येणारी सायकल पादचाऱ्यास आणि स्वारास दोघांसही घातक असते, आणि दिव्याच्या सक्तीमागे हाच विचार होता. लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ सायकलफेऱ्यांतही रात्री पुढे-मागे पक्के बसविलेले दिवे व परावर्तक पट्ट्यांचे जाकीट आवश्यक मानले जाते, तेही याच कारणाने. परंतु या दीर्घ सवयीचा एक परिणाम असा झाला की, दिवा म्हणजे ‘असला म्हणजे झाले’ अशी वस्तू ठरली. तो किती लांब, किती रुंद आणि किती वेळ प्रकाश देतो, हे विचारण्याची परंपराच आपल्याकडे निर्माण झाली नाही.

आडवाटेची मागणी

डोंगरी सायकलीचा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅरीन परगण्यात रुजला. तेथील ‘रीपॅक’ ही उताराची शर्यत १९७६ मधली. १९९२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात कनान येथे २४ तासांची शर्यत सुरू झाली आणि रात्रभर जंगलातून सायकल हाकणाऱ्यांची एक नवी मागणी बाजारापुढे आली. प्रारंभी जड बॅटऱ्या व हॅलोजन दिवे वापरले गेले. खरा पालट दोन शोधांनी घडविला : १९९१ मध्ये बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी, आणि १९९३ मधील प्रखर निळ्या एलईडीमुळे शक्य झालेली पांढरी एलईडी. या दोहोंसाठी अनुक्रमे २०१९ व २०१४ ची नोबेल पारितोषिके दिली गेली. कार्बाईडनंतर पाहण्याचा दिवा सायकलीवर पुन्हा आला तो असा.

मुळशीच्या वाटेवर त्याची किती गरज आहे, याचा हिशेब साधा आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर अंतर कापते. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर ८ मीटर तेथेच संपले. सुट्या मुरमावर थांबण्यास आणखी ५ मीटर लागतील. म्हणजे निदान १३-१४ मीटरवरचा दगड स्पष्ट दिसावयास हवा. उतारावर वेग ३० झाला तर हेच अंतर, उताराची ओढ न धरताही, २४ मीटरांवर जाते. वेग दीडपट, पण अंतर जवळजवळ पावणेदोनपट. उलट प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून दुप्पट लांब पाहण्यासाठी दुप्पट नव्हे, चौपट दिवा लागतो. शहरात पुरेसा वाटणारा दोनशे-तीनशे लुमेनचा दिवा येथे का अपुरा पडतो आणि हजाराच्या आसपासची भाषा अतिशयोक्त का नाही, हे यावरून ध्यानी यावे.

तथापि केवळ आकडा पाहून भागत नाही. दिवा डोक्यावर, शिरस्त्राणावर बसविला तर प्रकाश आणि दृष्टी जवळजवळ एकाच रेषेत येतात. वस्तूची सावली वस्तूमागेच दडते आणि खड्डेही सपाट भासतात. हँडलवरचा दिवा खालून तिरपा प्रकाश टाकतो, त्यामुळे प्रत्येक गोट्याची लांब सावली पडते आणि वाटेचा उंचसखलपणा वाचता येतो. मात्र वळणावर तो सरळच पाहत राहतो, तर डोक्यावरचा दिवा मान वळेल तिकडे वळतो. म्हणून आडवाटेस दोन दिवे असावेत : हँडलवर रुंद झोताचा, अधिक प्रखर, डोक्यावर अरुंद झोताचा, हलका व त्याहून मंद. एकच परवडत असेल तर हँडलवरचा घ्यावा, असे माझे मत आहे. पावसाळ्यात व धुक्यात तर डोक्यावरचा दिवा निरुपयोगीच ठरतो. डोळ्यांसमोरच्या जलबिंदूंवरून प्रकाश परतून येतो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. मुळशीत पाऊस म्हणजे काय, हे सांगावयास नको. दिव्याच्या जलरोधक दर्जातील शेवटचा अंक येथे महत्त्वाचा. ४ म्हणजे शिंतोड्यांपुरते संरक्षण, तर ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडूनही टिकाव.

खोक्यावरील आकड्यांची साधनचिकित्सा

इतिहासाच्या विद्यार्थ्यास आपण शिकवितो की कागद कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि त्यातील विधान अन्य पुराव्याशी जुळते का, हे पाहावे. दिव्याच्या खोक्यालाही हीच चिकित्सा लावता येते. स्वस्त दिव्यांवर दहा-दहा हजार लुमेन सर्रास छापलेले असतात. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लिथियम घटात (नाव त्याच मापांवरून ‘१८६५०’) चांगल्या दर्जाचा असल्यास सुमारे ३ ते साडेतीन हजार मिलिअँपिअर-तास, म्हणजे अकरा-बारा वॅट-तास ऊर्जा मावते. एलईडी वॅटमागे साधारण १०० लुमेन देते असे धरू. मग १००० लुमेनसाठी १० वॅट लागतील आणि असा एक घट तासाभरात रिकामा होईल. एका घटावर दहा हजार लुमेन दोन तास चालतील असे सांगणारे खोके हे कालविसंगत दानपत्राइतकेच संशयास्पद होय. घटावर ९९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले आढळल्यास संशयालाही जागा उरत नाही.

संध्याकाळी सातला निघून दहापर्यंत परतावयाचे असेल तर पूर्ण प्रखरतेचा तास-दीड तास आणि उरलेला वेळ मंद प्रकाशाचा, असा विचार करून किमान दोन घटांचा, शक्य तर घट बदलता येणारा दिवा घ्यावा. आणि खिशात एक लहान विजेरी. मोठा दिवा विझला तर निदान सायकल ढकलीत परतता येते.

समोरून येणारा

आता त्या विनादिव्याच्या नियमाकडे पुन्हा वळावे लागते. त्याचा रोख इतरांच्या डोळ्यांकडे होता. पंचवीस लुमेनच्या काळात इतरांस अडचण होत असे ती दिवा न दिसण्याची. हजार लुमेनच्या काळात अडचण उलटी झाली आहे. रात्री शेतावरून परतणारा, हातात मंद विजेरी असलेला किंवा तीही नसलेला माणूस अंधारास सरावलेल्या डोळ्यांनी चालत असतो. त्याच्या चेहऱ्यावर असा झोत पडला की पुढची काही मिनिटे त्याची वाट हरवते. सायकलवाला एव्हाना पुढे निघून गेलेला असतो. जर्मनीत रस्त्यावर वापरावयाच्या सायकलदिव्याचा झोत वरच्या बाजूस कापलेला असावा असा नियम आहे, मोटारीच्या खालच्या झोतासारखा. आपल्याकडे विकले जाणारे आडवाटेचे बहुतेक दिवे विजेरीसारखा गोल झोत टाकतात, कारण फांद्या दिसण्यासाठी तो वरही हवा असतो.

अंधाराचे अन्य रहिवासीही आहेत. ताम्हिणीचा परिसर २०१३ पासून अभयारण्य आहे आणि तेथे परवानगीवाचून शिरता येत नाही, दिवा कितीही चांगला असो. त्याबाहेरच्या रानांतही वळिवाच्या सुमारास काजव्यांचे लुकलुकणे असते. त्यांचे हे प्रकाशसंकेत म्हणजे जोडीदारास घातलेली साद होय, आणि प्रखर कृत्रिम प्रकाशात ती हरवते. त्या आठवड्यांत रानवाटा टाळून गाडीरस्त्याने जाणे बरे.

तेव्हा दिवा विकत घेताना सर्वांत मोठा आकडा पाहण्याआधी सर्वांत लहान आकडा पाहावा. तो शे-दोनशे लुमेनपर्यंत उतरतो का, आणि अंगठ्याच्या एका दाबाने उतरतो का? काही दिव्यांत मंद प्रकाशावर येण्यासाठी लुकलुकणाऱ्या अवस्थेतून जावे लागते, ते टाळावेत. वाडी जवळ आली, कुत्री भुंकू लागली की डोक्यावरचा दिवा बंद करावा, हँडलवरचा मंद करून चाकापुढच्या दहा पावलांवर वळवावा, आणि समोर कोणी दिसल्यास वाटेच्या कडेला पाय टेकून त्याला आधी जाऊ द्यावे.