प्रवासाच्या बॅगेत काय ठेवावं? छागलपासून पॉवर बँकेपर्यंत

उन्हाळी सुट्ट्या लागल्या की बाभुळगावच्या बसस्टँडवर धामणगावची गाडी पकडणाऱ्यांची गर्दी वाढते. धामणगावहून रेल्वे, मग कोणी मुंबईला, कोणी अजमेरला, तर कोणी उमराहच्या विमानासाठी. याच दिवसांत पालक मोबाइल पुढे करून विचारतात, "मॅडम, हे मागवू का? उमराहला कामी येईल?" स्क्रीनवर कधी गळ्यात घालायचा पंखा असतो, कधी फुगवायची उशी, कधी बोटातलं तसबीहचं काउंटर.

उमराहचा पैसा बऱ्याच घरांत वर्षानुवर्षं थोडा थोडा साठवलेला असतो. तो खेळण्यांत जाऊ नये आणि घेतलेली वस्तू ऐन वेळी दगा देऊ नये, म्हणून ही माहिती एका जागी देत आहे. कुठलीही वस्तू घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. तिने नेमकी कोणती अडचण सुटते? चार्जिंग संपल्यावर ती काय कामाची? रेल्वेच्या आणि विमानाच्या नियमांत ती बसते का?

पाणी आणि गारवा

आपल्या अब्बांच्या, दादांच्या काळात जीपला किंवा ट्रकला बाहेरून छागल लटकवलेली असायची. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. कापडातून पाणी किंचित पाझरतं, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना आतल्या पाण्यातली उष्णता ओढून घेते. सुरई आणि घरातला कूलर याच तत्त्वावर चालतात. म्हणूनच विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर जीव वाचवतो आणि मुंबईच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही.

हाच हिशोब परदेशात लावा. मक्केची हवा कोरडी, त्यामुळे मानेवर ओला रुमाल किंवा पाण्याच्या फवाऱ्याची छोटी बाटली तिथे चांगलं काम करते. जेद्दा समुद्रकाठी आहे, तिथे फरक कमी जाणवेल. गळ्यातला पंखा नुसती गरम हवा फिरवतो, सोबत ओला रुमाल असेल तरच त्याचा अर्थ आहे.

पिण्याच्या पाण्यासाठी स्टीलची बाटली घ्या. आंतरराष्ट्रीय विमानात हँडबॅगेत १०० मिलीलीटरपेक्षा मोठ्या बाटलीत द्रव नेता येत नाही, पण रिकामी बाटली नेता येते. तपासणी झाल्यावर आत भरून घ्या.

तोटीचा लोटा, नवीन रूपात

प्रवासात तहारत आणि वुजूची चिंता सगळ्यांनाच असते. आपल्या घरांतला तोटीचा लोटा ही फार हुशारीने बनवलेली वस्तू आहे: धार बारीक, नेम बरोबर, पाणी कमी. आता वाकड्या तोंडाची, दाबून धार सोडायची प्लास्टिकची बाटली मिळते. ती म्हणजे याच लोट्याचा धाकटा भाऊ. वजन नगण्य आणि चार्जिंगची भानगड नाही. ही वस्तू जरूर घ्या.

किब्ला कसा शोधाल?

"किब्ला म्हणजे पश्चिम" हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते ढोबळमानाने बरोबर आहे, पण गावागणिक थोडा फरक पडतो. बाभुळगावात किब्ला पश्चिमेपासून साधारण ८ अंश उत्तरेकडे आहे, मुंबईत साधारण १० अंश. अजमेरला तो जवळपास थेट पश्चिमेला येतो, तर दिल्लीत पश्चिमेपासून सुमारे ३ अंश दक्षिणेकडे.

खिशातल्या कंपासला चार्जिंग लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण रेल्वेच्या लोखंडी डब्यात किंवा चुंबक असलेल्या मोबाइल कव्हरजवळ सुई फसते. मोबाइलमधला कंपासही तसाच फसतो. स्टेशनवर उतरून, लोखंडी खांबांपासून दूर उभं राहून बघा.

कंपास बरोबर आहे की नाही, हे तपासायची एक फुकट युक्ती आहे. वर्षातून दोनदा सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर येतो: २७-२८ मे रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १५-१६ जुलैला दुपारी २ वाजून ५७ मिनिटांनी. त्या क्षणी उन्हात काठी सरळ उभी करा. सावली ज्या बाजूला पडेल, त्याच्या बरोबर उलट दिशेला किब्ला. जुलैत ढग असतात, म्हणून मेची तारीख सोडू नका. मुलांना अंगणात हे करून दाखवा. भूगोलाचा एक अख्खा तास त्यात होतो.

वीज आणि चार्जिंग

पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवता येत नाही, ती हँडबॅगेतच ठेवावी लागते. मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. पॅकिंगवर मात्र आकडा मिलीअँपिअर-अवरमध्ये असतो. त्याला ३.७ ने गुणा आणि १,००० ने भागा. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-अवर होते, म्हणजे चालते. ३०,००० ची १११ होते, म्हणजे अडचण. आकडा छापलेलाच नसेल तर ती घेऊ नका, तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. अनेक विमान कंपन्या उड्डाणात ती वापरू देत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

सौदी अरेबियात तीन चपट्या पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा प्लग चालतो. आपला गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही, त्यामुळे एक अडॅप्टर न्या. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. मोबाइलच्या चार्जरवर "१००–२४०" लिहिलेलं असेल तर काळजी नाही.

रेल्वेत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे सॉकेट बंद ठेवायची सूचना आहे, म्हणून मोबाइल आधीच चार्ज करा. इलेक्ट्रिक किटली डब्यात लावू नका. त्याला मनाई आहे आणि आग लागण्याचा धोका आहे. गरम पाणी थर्मासमध्ये घरूनच घ्या.

बॅग आणि चाकं

पूर्वी वळकटी आणि पत्र्याची पेटी हमालाच्या डोक्यावर जायची. सुटकेसला चाकं लावायच्या कल्पनेचं पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये मिळालं. दोन चाकांची, लांब दांड्याची उभी बॅग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने बनवली. म्हणजे माणूस चंद्रावर आधी पोचला, सुटकेसच्या चाकांचं हे पेटंट नंतर आलं!

दुकानदार चार चाकांची बॅग दाखवेल. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर ती छान पळते. पण आपला प्रवास खडबडीत बसस्टँडवरून सुरू होतो, तिथे दोन मोठी चाकं जास्त टिकतात. उतारावर बॅग आपोआप घरंगळतही नाही.

मोजणीसाठी

तवाफच्या ७ फेऱ्या आणि सईच्या ७ फेऱ्या मोजायला बॅटरीचं काउंटर मिळतं. गर्दीत बटण चुकून दोनदा दाबलं जातं. त्यापेक्षा ७ मण्यांची साधी माळ घरीच ओवा. एक फेरी झाली की एक मणी सरकवायचा.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या जंक्शनवर गाडी बदलताना अम्मी आमच्यापासून सुटली. तिचा मोबाइल माझ्याच पर्समध्ये होता, "हरवेल" म्हणून मीच ठेवला होता. पाऊण तासाने ती सापडली. तोवर तिने कोणाला माझा नंबर सांगितला नव्हता, कारण तिला तो पाठच नव्हता. चूक माझी होती.

हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांना ओळखीचं स्टीलचं कडं मिळतं. ते भिजत नाही, त्याला चार्जिंग लागत नाही आणि मनगटातून सहज पडत नाही. उमराहला किंवा साध्या रेल्वे प्रवासाला जाताना हीच सोय आपण करू शकतो. एका कागदावर नाव, घरच्या दोघांचे नंबर, रक्तगट आणि चालू औषधं लिहा. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून घरातल्या मोठ्यांच्या आतल्या खिशात पिनेने लावा. सौदीत हॉटेलचं अरबी पत्ता असलेलं कार्डही त्यात ठेवा. बॅगेला लावायचे ब्लूटूथ टॅग मिळतात, पण ते आसपासच्या मोबाइलवर अवलंबून असतात. बॅगेसाठी ते ठीक आहेत, माणसासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

निघण्याच्या आदल्या रात्री तपासा

- रिकामी स्टीलची बाटली, सुती रुमाल, फवाऱ्याची बाटली
- वुजूसाठी तोटीची बाटली
- कंपास, पातळ जानमाज, ७ मण्यांची माळ
- आकडा छापलेली पॉवर बँक, हँडबॅगेत
- परदेशासाठी अडॅप्टर
- प्रत्येकाच्या खिशात ओळखीचा कागद, लहान मुलांच्याही

यादीतल्या अर्ध्या वस्तू घरातच निघतील. शेवटचा कागद तर आजच लिहून ठेवा, प्रवास ठरलेला असो वा नसो.